उतारावरचा गतिरोधक

धक्का तसा लहानच होता. म्हणजे गाडीत बसलेल्या माणसाची मान जराशी पुढे जावी आणि मागे यावी, एवढाच. पुढचं डावं चाक कशावर तरी चढलं, धप्पकन खाली आलं, आणि मागच्या सीटवरून आई म्हणाली, "काय गं, काय लागलं?" आणि ती म्हणाली, "काही नाही आई, गतिरोधक होता." आता बघा, इतकं गुळगुळीत उत्तर तिच्या तोंडून आलं कुठून, हे तिचं तिला कळलं नाही. कारण त्या वळणावर गतिरोधक नव्हता. नऊ वर्षं ती त्या बिल्डिंगमध्ये राहत होती. फाटकातून आत आलं की डावीकडे वळण, मग खाली पार्किंगकडे जाणारा उतार, हे सगळं तिला डोळ्यांवर पट्टी बांधली तरी पाठ होतं, आणि त्यात गतिरोधक काय, साधा उंचवटासुद्धा नव्हता. पण आईच्या डोळ्यांत डॉक्टरांनी थेंब घातले होते, बाहुल्या मोठ्या करायचे ते, त्यामुळे आईला सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. आई म्हणाली, "बरं झालं बाई घातला ते, मेले कसे सुसाट येतात इथून." आणि विषय संपला. म्हणजे आईचा संपला. तिने आरशात बघितलं नाही. हे मात्र तिला पक्कं आठवत होतं, की बघायचं नाही असं ठरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिने घेतला होता. पाव सेकंद असेल. संध्याकाळचे सात वाजत होते, वळणावरचा दिवा चार दिवसांपासून गेलेला, दिवसभर गॅरेजमध्ये वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झालेला, आणि पाव सेकंदात तिने ठरवलं की तो गतिरोधक होता.

सकाळी साडेनवाला दादाचा फोन आला. चौथ्या मजल्यावर राहणारा दादा, ती आणि आई दुसऱ्यावर, आणि गाडी दादाची, काल आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला तिने मागून घेतलेली. "फ्यूज, खाली ये गं जरा," दादा म्हणाला, "सेल्फ फिरतोय, पण गाडी स्टार्ट होत नाही. काल काय केलंस माझ्या गाडीला?" शेवटचं वाक्य तो हसत म्हणाला, रोजच म्हणतो तसं, भावाने बहिणीला म्हणायचं म्हणून. पण तिच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजला. "आले," ती म्हणाली, आणि आले म्हणाली तरी दोन मिनिटं तशीच उभी राहिली, चपलेत एक पाय घालून, दुसरा बाहेर. ही गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारी बाई, गेली बारा वर्षं, भल्याभल्या बंद गाड्या तिने बोलत्या केलेल्या. सेल्फ फिरतो आणि गाडी स्टार्ट होत नाही, ही तर तिच्या धंद्यातली रोजची भाजीभाकरी. त्याची कारणं बोटांवर मोजण्यासारखी, आणि त्यातलं एक कारण असं, की ते आत्ता, ह्या क्षणी, जिन्यात उभं राहून आठवायलासुद्धा तिला नको होतं.

खाली पार्किंगमध्ये दादा बॉनेट उघडून उभा. दादाला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण बॉनेट उघडून आत गंभीरपणे बघितलं की गाडीवर काहीतरी दडपण येतं असा त्याचा समज. "ऐक," तो म्हणाला आणि आत बसून त्याने किल्ली फिरवली. कुर्र कुर्र कुर्र कुर्र. सेल्फ मजेत फिरत होता, इंजिनही त्याच्याबरोबर फिरत होतं, पण पकडत नव्हतं, जसं एखादं माणूस खोकून खोकून दमावं आणि कफ सुटू नये. पण तिने ते ऐकलंच नाही. तिने ऐकलं ते त्याच्या आधीचं. किल्ली पहिल्या खाचेत गेली की मागच्या सीटखालून, टाकीतून, पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणतो, अगदी हळू, झोपेत कोणी हुंकारल्यासारखा. तो गुणगुणला नाही. मागच्या सीटखाली शांत होतं. आणि तिथेच तिला कळलं. म्हणजे डोक्याला कळायच्या आधी जिभेला कळलं, तांब्याची वायर चावल्यासारखी चव आली.

"काय वाटतं?" दादा म्हणाला.

"बॅटरी बघते."

"अगं बॅटरीला काय झालंय, फिरतोय की गरागरा."

"तू गप बस ना जरा. डॉक्टर तू आहेस का मी?"

आणि तिने बॅटरी बघितली. मीटरच्या दोन काड्या लावल्या, आकडा आला बारा आणि वर थोडं, बॅटरी ठणठणीत. आता ही गोष्ट कुठल्याही गॅरेजात कुणी बघितली असती तर हसला असता, कारण सेल्फ जोरात फिरत असताना बॅटरी बघणं म्हणजे माणूस धावत असताना त्याला पाय आहेत का विचारणं. तिच्या उस्तादांनी तर पाना फेकून मारला असता. उस्ताद म्हणजे जाडजूड, कानात कायम कापूस घातलेला माणूस, त्यांच्याकडे ती वयाच्या बाविसाव्या वर्षी काम शिकायला गेली. ते म्हणायचे, आधी कानाने काम कर, मग नाकाने, मग हाताने, आणि सगळ्यात शेवटी डोक्याने, कारण डोकं लबाड असतं. कानाने काम झालं होतं. पहिल्या दोन सेकंदांतच झालं होतं. आता डोकं कामाला लागलं होतं.

तिने एक प्लग काढला. प्लगपाना फिरवताना हात घामाने निसटत होता, म्हणून तिने ओढणीला पुसला, परत निसटला. प्लग वायरीत अडकवून इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि दादाला म्हणाली, "मार सेल्फ." कुर्र कुर्र, आणि प्लगच्या टोकाला निळी ठिणगी, टक टक टक, सुंदर, जाड, निळी. "अरे वा," दादा म्हणाला, "करंट आहे." हो, करंट होता. ठिणगी होती, आणि प्लग कोरडा होता. इतका वेळ सेल्फ मारल्यावर प्लग ओला यायला हवा, पेट्रोलने भिजलेला, नाकाला झोंबणारा. तिने नाकाशी धरला. काही नाही. जुन्या राखेचा वास, बस. ठिणगी आहे, पेट्रोल येत नाही. एवढ्यावर थांबून सरळ पुढची पायरी घ्यायची, तर तिने हवेचा फिल्टर उघडला. खरंच उघडला. चार खिट्या काढून तो पिवळा पडलेला घड्याघड्यांचा कागद बाहेर काढला आणि उजेडाकडे धरून असा न्याहाळला, जसा काही त्यात पत्रिकाच लिहिली होती. फिल्टर चांगला होता. सगळं चांगलं होतं. एकेक गोष्ट चांगली निघत होती आणि प्रत्येक चांगल्या गोष्टीबरोबर तिच्या पायाखालची फरशी एक इंच कमी होत होती.

कारण ती गाडी जुनी, आणि त्या जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या पायांजवळ, कडेच्या पत्र्यामागे, अंगठ्याएवढा एक स्विच असतो. त्याच्या डोक्यावर लाल रबराचं बटण. गाडी कशाला धडकली की तो स्विच उडतो, बटण वर येतं, आणि पेट्रोलचा पंप बंद पडतो, म्हणजे टक्कर झालीच तर पेट्रोल सांडत राहून आग लागायला नको. बस एवढंच त्याचं काम. उस्तादांनी तिला एक जुना स्विच फोडून दाखवला होता. आत एक पोलादी गोळी, लोहचुंबकाच्या वाटीत बसलेली. हलकासलका धक्का बसला तर गोळी वाटीतच डुलते आणि परत बसते. ठोकर बसली तर सुटते आणि वर उडी मारते. तिने तेव्हा ती गोळी तळहातावर घेतली होती, हरभऱ्याएवढी, गार. किती मोठा धक्का लागतो असं विचारल्यावर उस्ताद म्हणाले होते, खड्ड्याला नाही सुटत बेटा, गतिरोधकालाही नाही, त्याला काहीतरी आडवं यावं लागतं.

पण तिला हेही आठवत होतं, की जुने झाले की हे स्विच हलके होतात, एकदा एका टॅक्सीवाल्याचा नुसतं दार आपटल्यावर उडाला होता. हो, उडाला होता, तिने स्वतः पाहिलं होतं. आणि शिवाय स्विच उडालाच असेल हे कशावरून, पंपच गेला असेल, पंप जातात की, जुनी गाडी आहे. ती ह्या आशेला अशी चिकटली, जशी पाण्यात पडलेली मुंगी काडीला. आणि लगेच काल संध्याकाळ परत आली. धक्क्यानंतर गाडी उतारावरून खाली आली होती. आली होती, का घरंगळली होती? वळवताना स्टिअरिंग जड झालं होतं. तिला वाटलं होतं आपले हात दमलेत. जागेवर येऊन तिने ब्रेक दाबला, किल्ली काढली, आईला उतरवलं. किल्ली फिरवताना इंजिन चालू होतं का? ती डोळे मिटून ते ऐकायचा प्रयत्न करत होती, इंजिन बंद होतानाचा तो शेवटचा थरथराट, आणि तो तिला सापडत नव्हता. म्हणजे तिने बंद गाडी बंद केली होती. पंप वरच, वळणावरच मेला होता. नळ्यांतलं उरलंसुरलं पेट्रोल दोनतीन सेकंद पुरलं आणि बाकीचा उतार गाडी मुकाट्याने, मेल्यासारखी खाली आली होती, आणि बारा वर्षं गाड्यांची नाडी बघणाऱ्या बाईला ते कळलं नव्हतं. का कळलं नव्हतं? कारण सगळं अंग कान मिटून बसलं होतं.

"फ्यूज, अगं फ्यूज बघ ना फ्यूज," दादा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. हे नाव त्यानेच ठेवलेलं. म्हणजे त्याचं असं झालं होतं, ती आठ वर्षांची असताना तिने घरातल्या इस्त्रीचं पोट उघडून, आत काय असतं ते बघून, परत तसंच बंद करून प्लग लावला होता, आणि तेव्हाच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या चाळीस घरांचे दिवे गेले होते. जिन्यात माणसंच माणसं, मेणबत्त्या, कुणाचं तरी बाळ रडतंय, आणि सगळीकडून एकच, कोणी केलं, कोणी केलं. ती बाथरूममध्ये बादलीमागे बसली होती. दातांचा आवाज बाहेर जाईल म्हणून तिने टॉवेल तोंडात धरला होता. आणि बाहेर दादा, अकरा वर्षांचा, वडिलांसमोर म्हणाला, मी केलं. फाडकन आवाज आला. एकच. त्यानंतर दादाने तिला आयुष्यात कधी ते बोलून दाखवलं नाही, नुसतं नाव ठेवलं. आणि ती इतकी वर्षं त्या नावाला ओ देत आली. आता तो मनगटावरचं घड्याळ बघत होता, त्याला साडेदहाला साइटवर पोचायचं होतं, तिथे नकाशे हातात घेऊन चार लोक त्याची वाट बघत होते. ती डॅशबोर्डखाली डोकं घालून फ्यूज बघत होती. एकेक काढायचा, उजेडाकडे धरायचा, आतली तार अखंड आहे ना बघायची, परत लावायचा. सगळे अखंड. पंपाचा रिले, म्हणजे पंपाला करंट जोडणारी ती काळी डबी, काढून तिने हॉर्नच्या जागी लावला, हॉर्न वाजवला. पार्किंगभर भोंगा घुमला. रिलेही चांगला. खाली वाकलेली असताना तिच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर तो कडेचा पत्रा होता, त्याला बोटभर भोक, आणि भोकाच्या आत अंधार. तिने तिकडे बघितलं नाही.

आणि नेमकं त्याच वेळी वरून आई. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, काळा चष्मा लावून, कठड्याला धरून. "झाली का रे सुरू?"

"होईल, होईल," दादा ओरडला, "डॉक्टरीणबाई तपासतायत."

"मग जाताना हळू जा हो वळणावरून. तो नवा गतिरोधक फार उंच घातलाय. काल माझं डोकं आपटता आपटता राहिलं. मी सकाळी शेजारीण आली तिलाही सांगितलं, जपून जा म्हटलं."

"कुठला गतिरोधक?" दादा म्हणाला.

"वळणावरचा रे. फाटकाच्या आतल्या."

दादाने तिच्याकडे बघितलं. ती सीटच्या खाली वाकलेलीच राहिली, रबरी चटईवर गाल टेकेल इतकी खाली. चटईला धुळीचा आणि ओल्या बुटांचा वास येत होता. तिला वाटलं आता इथेच राहावं, ह्या वासात, कोणी बोलावू नये. "आई, डोळ्यांत थेंब घालून काहीही दिसतं हं तुला," दादा वर बघून म्हणाला, "मी आत्ता पेपर आणायला गेलो होतो, काही गतिरोधक बितिरोधक नाहीये तिथे." आणि मग सहज, आपलं बोलायचं म्हणून, तिच्या पाठीकडे बघत म्हणाला, "बाकी आज फाटकावर वॉचमन काका पण नाहीयेत. फाटक सताड उघडं. तो म्हातारा कधी सुट्टी घेत नाही, आज कुठे उलथलाय कोण जाणे."

आता इथे काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. ती तशीच वाकलेली, दादा तसाच उभा, आई गॅलरीत. पण तिच्या कानांत एक बारीक शिटी वाजायला लागली, आणि त्या शिटीच्या आत फाटकावरचे काका उभे राहिले. निळा शर्ट, गुडघ्यांत वाकलेले पाय, खुर्ची. त्यांची ती पांढरी प्लास्टिकची खुर्ची. ती गाडी घेऊन आली की ते दोन बोटं कपाळाला लावायचे, आणि ती हॉर्नचा छोटासा टिप्पा द्यायची, टीप, एवढाच, त्यांचं आपसातलं बोलणं. काल तिने टिप्पा दिला होता का? दिला नव्हता. काका फाटकात नव्हतेच काल. मग कुठे होते? धक्का बसला तेव्हा आवाज कसला आला होता? कट्‌. दगडाचा नव्हे. पत्र्याचा नव्हे. काहीतरी पोकळ, हलकं, तडकल्यासारखं. हाड असं वाजतं का? तिला माहीत नव्हतं हाड कसं वाजतं. तिला इंजिनातली शंभर हाडं वाजताना माहीत होती, बेअरिंग कसं वाजतं, पिस्टन कसा वाजतो, आणि माणसाचं माहीत नव्हतं. रात्रभर कोणी तिथे पडून असतं तर कळलं असतं ना? सकाळपासून वीस गाड्या गेल्या असतील, शाळेच्या बस आल्या असतील. पण कळलंच असेल. कळलं असेल, कोणीतरी उचलून नेलं असेल, कोणीतरी विचारत असेल, कोणी केलं, आणि तिला वर कळलं नसेल. म्हणूनच फाटक उघडं.

"अगं, आत झोपलीस का?" दादा म्हणाला.

तिने हात पत्र्याच्या भोकाशी नेला. बघितलं नाही, नुसतं बोट घातलं. रबर लागलं. बटण वर आलेलं होतं. बोटाच्या पेराएवढं वर, फुगून, घट्ट. तिने त्यावर बोट तसंच ठेवलं. नुसतं दाबायचं होतं. एवढा खटका, आणि गाडी सुरू, दादा साइटवर, कोणी विचारलं तर फ्यूज ढिला होता, दादाला काय कळतंय. खटक्याचा आवाजसुद्धा हॉर्नने झाकता आला असता. तिचं बोट दाबायला निघालं होतं, खरंच निघालं होतं, आणि ती स्वतःच्या बोटाला अशी घाबरली, जसं ते दुसऱ्याच कोणाचं होतं. तिने बोट बाहेर काढलं आणि उठून उभी राहिली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दादा," ती म्हणाली, "इथे एक स्विच असतो. गाडी कशाला धडकली की उडतो. तो उडालाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काल माझ्या हातून गाडी कशाला तरी धडकली. वळणावर. मी आईला गतिरोधक सांगितलं."

"कशाला धडकली?"

"मी बघितलं नाही."

दादाच्या चेहऱ्यावरून हसू गेलं ते कसं गेलं, एकदम नाही, ओलं फडकं वाळत घातल्यावर पाणी खाली खाली उतरतं तसं. त्याने वर गॅलरीकडे बघितलं. आई आत गेली होती. त्याने पार्किंगभर नजर फिरवली, मग वाकून गाडीचा पुढचा भाग बघितला. डाव्या बाजूला बंपरखाली ओरखडा होता, पांढरा, हातभर. दादाने त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा पँटला पुसला. "कोणाला बोलली नाहीस ना?" तो म्हणाला, इतक्या हळू, की तिला ओठांवरूनच कळलं.

"नाही."

"दाब ते बटण."

"दादा."

"आधी दाब गं तू. आधी गाडी सुरू होऊ दे. मग बघू काय ते."

तिने वाकून दाबलं. खट्‌. दादाने किल्ली पहिल्या खाचेत नेली आणि मागच्या सीटखालून पंप गुणगुणला, काहीच झालं नसल्यासारखा. मग कुर्र, आणि एका कुर्रमध्ये इंजिन पकडलं. एरवी हा आवाज म्हणजे तिच्या जिवाला गार वारा. आज तिला वाटलं, ही गाडी आता काहीही कबूल करणार नाही. पुरावा असा काही उरलाच नाही, एक ओरखडा सोडला तर, आणि ओरखडे काय सगळ्याच गाड्यांना असतात. दादाने बॉनेट लावलं. तिच्या खांद्याला हात लावला आणि आत बसला. तिने पाने पिशवीत भरले आणि उताराने वर चालायला लागली. मागून दादाची गाडी आली, तिच्या बाजूला येऊन हळू झाली, काच खाली होती. "येतेस का गाडीत, मी सोडतो गॅरेजला," तो म्हणाला. ती मानेनेच नाही म्हणाली. तो चालत्या माणसाच्या वेगाने तिच्या बरोबर वर आला आणि वळणाच्या अलीकडे थांबला. इंजिन चालू ठेवलं. उतरला नाही.

वळणावर रक्त नव्हतं. ही पहिली गोष्ट तिने बघितली, आणि आपण हे शोधतोय हे कळल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली. रस्त्याच्या कडेला जो दगडी काठ होता, त्याचा कोपरा उडाला होता, ताजा, आतून पांढरा. चाक त्याच्यावर चढलं होतं. काठाच्या पलीकडे, सुकलेल्या झुडपांत, ती खुर्ची पडली होती, एक पाय मोडलेला. तो कट्‌ आवाज. खुर्चीचा. खुर्चीचाच, ती मनात म्हणाली, नुसता खुर्चीचा, आणि हे तीन वेळा म्हणाली, आणि तरी तिचे पाय पाण्याच्या टाकीमागे, जिथे काकांची खोली होती, तिकडे वळले. जायचं नव्हतं. प्रत्येक पावलाला वाटत होतं की पुढच्या पावलाला आपण मागे फिरू.

दार लोटलेलं होतं. काका आत पलंगावर बसले होते, उजवा हात मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेला, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसा जपून. टॉवेलच्या बाहेर बोटं दिसत होती, सुजून एकमेकांना चिकटलेली, जांभळी. कपाळावर खरचटलेलं. तिला बघून ते उठायला लागले. "बसा, बसा काका," ती म्हणाली.

"आज येतोच आहे मी फाटकावर," काका घाईघाईने म्हणाले, "जरासं पडलो काल, म्हणून. जिन्यात पाय घसरला."

"कुठल्या जिन्यात?"

"हाच आपला."

त्या खोलीला जिना नव्हता. बिल्डिंगच्या जिन्यात काका कधी जात नसत, त्यांचे गुडघे त्यांना दोन पायऱ्या चढू देत नसत. ते तिच्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते, आणि त्यांची हनुवटी हलत होती. आणि तिला कळलं. म्हणजे हे तिच्या डोक्यातच नव्हतं आलं, रात्रभर, सकाळभर, त्या एका कल्पनेलाच तिने जागा दिली नव्हती, की हा माणूसही घाबरलेला असेल.

"काका, काल ती गाडी माझी होती."

"नाही नाही," ते म्हणाले, "तुमची कुठली. पांढरी होती ती. बाहेरची कुठलीतरी." दादाची गाडी गडद निळी. काकांना ती लांबून हॉर्नवरून ओळखता यायची. "मला लागलंही नाही तिचं. खुर्चीला लागली. मी आपला कलंडलो, हातावर आलो, एवढंच."

"डॉक्टरकडे गेलात?"

"डॉक्टर विचारतात हो, कसं झालं म्हणून." ते एकदम तिच्याजवळ झुकले. तोंडाला उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तसा वास येत होता. "बाई, मी बसलो होतो. फाटक सोडून तिथे कडेला खुर्ची घेतली होती. गुडघे ऐकत नाहीत संध्याकाळी. डोळा लागला. सेक्रेटरीसाहेबांनी दोनदा सांगितलंय, गाड्यांच्या वेळेला बसलेले दिसलात तर तिसऱ्यांदा सांगणार नाही, दुसरा माणूस आणू. ह्या खोलीतून मी कुठे जाऊ? तुम्ही कोणाला सांगितलं तर नाही ना?"

दादाचा आवाज, दादाचे ओठ, तोच प्रश्न. तिला वाटलं हसू येईल, आलं नाही. बाहेर वळणावर दादाची गाडी अजून तशीच चालू होती, तिला इथून ऐकू येत होती, चांगली एका लयीत. किती सोपं होतं. काकांना नको होतं, दादाला नको होतं, आईला तर गतिरोधकच मिळाला होता. सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी रस्ता गुळगुळीत करून ठेवला होता, तिने नुसतं गप्प राहायचं होतं, मग काकांना गुपचूप आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे न्यायचं, जिना सांगायचा. आणि उद्या संध्याकाळी ह्याच वळणावरून येताना त्यांनी कपाळाला दोन बोटं लावायची, डाव्या हाताची. तिने ते बघितलं, अगदी स्पष्ट बघितलं, आणि त्या चित्राची तिला जी भीती वाटली ती सकाळपासूनच्या सगळ्या भीतीपेक्षा जास्त होती.

"हाताची बोटं हलतायत का?" तिने विचारलं.

"दोन हलतात."

तिने पिशवी खाली ठेवली आणि फोन काढला. सेक्रेटरींचा नंबर शोधताना अंगठा दोनदा भलत्याच नावावर पडला. काकांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती. "बाई, नका हो," ते म्हणाले.

"काका, मी काल बघितलंच नाही. मग तुम्ही बसला होतात हे मला कुठून माहीत असणार?"

त्यांना ते पटकन कळलं नाही. तिकडे पलीकडे घंटी वाजायला लागली होती, एक, दोन. तिला वाटलं उचलू नये त्यांनी, आंघोळीला गेलेले असावेत, गावाला गेलेले असावेत. तीन. जिभेवर परत ती तांब्याची चव. चौथ्या घंटीला फोन उचलला गेला आणि एक झोपाळू, त्रासलेला आवाज म्हणाला, "बोला."

"मी दुसऱ्या मजल्यावरची बोलतेय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना, आठ वर्षांच्या पोरीसारखा बारीक झाला होता. "काल संध्याकाळी वळणावर फाटकावरच्या काकांना धडक बसलीय. हात मोडलाय बहुतेक. काका उभे होते. गाडी मी चालवत होते."